दोन सकाळींमधले अंतर

मार्च महिना सरू लागला की माझ्या साताऱ्यातील दवाखान्यात एक ठरावीक दृश्य दिसू लागते. सत्तरीच्या आसपासचे जोडपे येते. काकांच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. तीत रक्ततपासणीचे अहवाल, जुन्या औषधचिठ्ठ्या आणि घडी घातलेले विमानाचे तिकीट. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला निघालेले असतात. "डॉक्टर, जायला हरकत नाही ना, एवढे पाहून द्या," असे म्हणून काकू बाकावर टेकतात. मी रक्तदाब पाहतो, घोट्यावर बोट दाबून सूज पाहतो, छाती तपासतो आणि विचारतो, "विमान किती तासांचे?" उत्तर येते, "सोळा तासांचे."

हा प्रश्न मी वर्षानुवर्षे विचारत आलो. तो अपुरा आहे, हे मला एका काकूंमुळे कळले. त्यांच्या संमतीने, नाव गाळून, ती हकीकत आपल्यापुढे ठेवतो. त्यात माझीही चूक आहे, म्हणून ती सांगणे मला भाग आहे.

काकूंचे वय तेव्हा ७१. रक्तदाबाची गोळी, तिच्यातच लघवी वाढवणारे औषध, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, आणि कुरकुरणारे दोन्ही गुडघे, एवढा संसार. लेकीचे बाळंतपण करायला त्या न्यू जर्सीतील एडिसनला निघाल्या होत्या. डिसेंबर महिना. मुंबई ते न्यूअर्क थेट विमान होते. मी त्यांना "विमानात उठून फिरत जा, पाणी प्या, गोळ्या वेळेवर घ्या" असे सांगून निरोप दिला आणि औषधचिठ्ठीची नवी प्रत लिहून दिली. तिच्यावर नेहमीप्रमाणे लिहिले होते : सकाळी न्याहारीच्या आधी एक, सकाळी न्याहारीनंतर एक.

आता त्या प्रवासाचा हिशेब आपण मांडून पाहू. विमान मुंबईहून रात्री १ वाजता सुटणार आणि न्यूअर्कला सकाळी साडेसहाला पोहोचणार, असे तिकिटावर छापलेले असते. नुसती वजाबाकी केली तर हा साडेपाच तासांचा प्रवास ठरतो. हिवाळ्यात आपले घड्याळ न्यूअर्कच्या घड्याळापेक्षा साडेदहा तास पुढे असते; ते मिळवले की सोळा तास होतात. पण काकू काही विमानतळावर राहत नाहीत. साताऱ्याहून मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. घाटात कोंडी झाली तर काय, या धास्तीने गाडी दुपारी ३ वाजताच घराबाहेर पडली. रात्री नऊच्या सुमारास विमानतळ, मग सामान, सुरक्षा तपासणी, पारपत्राची रांग. न्यूअर्कला उतरल्यावर पुन्हा रांग, पुन्हा सामान, आणि एडिसनपर्यंतचा रस्ता. लेकीच्या दारात पाऊल पडले तेव्हा तिथे सकाळचे ९ वाजले होते आणि साताऱ्यात संध्याकाळचे साडेसात. दारापासून दारापर्यंत साडेअठ्ठावीस तास. मी तयारी करून दिली होती ती सोळा तासांची.

काकूंनी खंडाळ्यानंतर पाणी पिणे बंद केले होते. विमानात मधल्या आसनावरून दोन माणसांना उठवून स्वच्छतागृहात जायचे, हा त्यांना प्रवासातला सर्वांत मोठा संकोच वाटत होता. वाचकहो, या एका संकोचाने ज्येष्ठांचे जेवढे नुकसान होते तेवढे विमानाच्या उंचीने होत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. विमानातली हवा अतिशय कोरडी असते. आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली असते. त्यात पाणी कमी आणि पोटात लघवी वाढवणारी गोळी!

हातातल्या घड्याळात सकाळचे ८ वाजले. घड्याळ अर्थातच भारतीय वेळेचे. काकूंनी शहाण्यासारखी डबी काढली, गोळ्या घेतल्या आणि घरून नेलेली दशमी खाल्ली. बाहेर काळोख होता, पण डॉक्टरांनी सकाळी म्हटले होते आणि घड्याळ सकाळ दाखवत होते.

त्यानंतर साडेअकरा तासांनी त्या लेकीच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. खिडकीतून ऊन आले होते. नववा महिना लागलेल्या लेकीने आईपुढे चहा ठेवला, माझी चिठ्ठी वाचली आणि काळजीने गोळ्या पुढे केल्या : "आई, सकाळच्या घेऊन टाक." काकूंनी घेतल्या. त्याही म्हणाल्या असतील, सकाळ तर आहेच. मग थकव्याने जेवण नको वाटले आणि त्या तशाच झोपल्या. दुपारी उठून न्हाणीघराकडे जाताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पडल्या, आणि उजवे मनगट मोडले. रुग्णालयात साखर पन्नासच्या आत निघाली. रक्तदाबही बराच खाली होता.

नऊ दिवसांनी नातू झाला. त्याला न्हाऊ घालायला साडेबारा हजार किलोमीटर गेलेल्या आजीचा हात प्लास्टरमध्ये होता. फोनवर त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, बाळ मांडीवर ठेवतात, पण उचलून नाही घेता येत." त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण त्या रात्री मी माझ्याच अक्षरातल्या त्या चिठ्ठीची प्रत काढून पाहिली. 'सकाळी' हा शब्द साताऱ्यात बसून लिहिला तर त्याचा अर्थ चोवीस तासांनी एकदा असा होतो. विमानात बसलेल्या माणसाला मात्र साडेअकरा तासांच्या अंतराने दोन सकाळी भेटतात, आणि दोन्ही खऱ्या असतात.

हे असे का होते, ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. मुंबई ते न्यूअर्क हे सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. घरातल्या सपाट नकाशावर पाहिले तर वाटेल की विमान अरबी समुद्र, आफ्रिका आणि मग अटलांटिक ओलांडून पश्चिमेला जात असेल. नातवंडांकडचा पृथ्वीचा गोल घ्या आणि या दोन शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. युरोपच्या उत्तर भागावरून, अटलांटिकच्या उत्तर भागातून तो खाली उतरतो. गोल पृथ्वीवरची जवळची वाट ती. मात्र विमान दरवेळी दोऱ्यावरूनच जाते असे नाही. वारे, वादळे, युद्धे, बंद केलेली आकाशे यांमुळे वाट बदलते. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या अनेक उड्डाणांना वळसा पडला आणि वेळ वाढला. म्हणून तिकिटावरचा वेळ हा अंदाज समजावा. गोळ्यांची आणि खाण्याची तयारी त्याहून चार-सहा तास जास्तीची असावी.

जाताना सोळा तास आणि येताना चौदा-साडेचौदा, असे का, हेही पुष्कळ जण विचारतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात विशेष. परतीच्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, जाणाऱ्याला समोरून अडवतात. परतीचा प्रवास छोटा, म्हणून सोपा, असा मात्र समज करून घेऊ नका. पूर्वेकडे येताना दिवस आखडतो आणि शरीराला लवकर झोपायला सांगावे लागते. बहुतेकांना ते उशिरा झोपण्यापेक्षा जड जाते. आल्यावर आठवडाभर रात्री दोनला टक्क जाग येत असेल तर त्याला आजार समजून झोपेच्या गोळ्या मागायला येऊ नये. सकाळच्या उन्हात अर्धा तास बसावे, दुपारची झोप आवरती घ्यावी. काका मंडळी याबाबत फार कुरकुर करतात, हा माझा अनुभव.

उंचीबद्दल दोन शब्द. विमान अकरा किलोमीटरवर उडत असले तरी आतली हवा दाबाखाली ठेवलेली असते. तरीसुद्धा आत बसलेल्या माणसाला ती साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी असते. आमचे महाबळेश्वर यापेक्षा खाली आहे. उटीला जाऊन सोळा तास एका खुर्चीत बसायचे, असे समजा. निरोगी माणसाला ते कळतही नाही. ज्यांना जुना दमा आहे, फुप्फुसांचा किंवा हृदयाचा आजार आहे, रक्त फार कमी आहे, त्यांच्या रक्तातला प्राणवायू मात्र अडचण होईल इतका उतरू शकतो. घरच्या घरी पाहायचे तर एक जिना न थांबता चढून पाहा, किंवा सपाटीवर पन्नास मीटर चाला. धाप लागून थांबावे लागले किंवा छातीत दुखले तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांकडे या. तिकीट काढल्यावर आलात तर आम्ही 'नको' म्हणायचे आणि घरच्यांनी 'पैसे वाया जातील' म्हणायचे, हा प्रसंग कोणालाच सुखाचा नसतो. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया होऊन आत वायूचा बुडबुडा सोडलेला असेल तर नेत्रतज्ज्ञांनी स्पष्ट मोकळीक देईपर्यंत विमानात पाऊल ठेवू नये; उंचीवर तो बुडबुडा फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते.

पायांचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा जास्त काळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मग ते विमान असो, बस असो की मोटार. निरोगी माणसात हा धोका मुळात सहा हजारांत एक इतका कमी आहे; त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण पूर्वी गुठळी झाली असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील, नुकतीच खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर गणित बदलते. आणि काकूंच्या बाबतीत पायांचे बसणे विमानात सुरू झाले नव्हते. ते साताऱ्यातच दुपारी तीनला सुरू झाले होते. म्हणून मी आता सांगतो, की वाटेत दोनदा गाडी थांबवा आणि दहा मिनिटे चाला. विमानात कडेचे आसन घ्या, स्वच्छतागृहाच्या जवळचे. मुलांनो, तिकीट काढताना आईबाबांसाठी हे आसन थोडे जास्तीचे पैसे देऊन घ्यावे लागले तरी घ्या. तुम्ही पाठवलेल्या जीवनसत्त्वांच्या बाटल्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे. बसल्या बसल्या टाचा टेकवून चवडे उचलणे, मग चवडे टेकवून टाचा उचलणे, दर तासाला वीस-पंचवीस वेळा. घट्ट मोजे कोणाला लागतात आणि किती घट्ट, हे तपासून ठरते. शेजारचे कोणी घेतात म्हणून अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नये. पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्या काकांनी तर विमानात झोप यावी म्हणून सर्दीची गोळी मुळीच घेऊ नये. लघवी तुंबून आकाशात तळमळत बसण्याची वेळ येते.

थेट विमान घ्यावे की दुबईमार्गे जावे, यावर घराघरांत वाद होतात. मुंबई ते दुबई तीन-सव्वातीन तास, पुढे न्यूयॉर्क चौदा तास. एकूण अंतर फारसे वाढत नाही, वाढतो तो मधला वेळ. गुडघे दुखणाऱ्यांना, कमी ऐकू येणाऱ्यांना, पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी थेट विमान सुचवतो. पायांना मोकळीक हवी असेल आणि सोबत धडधाकट माणूस असेल तर मध्ये चार तासांचा थांबा बरा. दीड तासाचा थांबा म्हणजे धावाधाव, आणि नऊ तासांचा म्हणजे खुर्चीत काढलेली रात्र. तिकीट स्वस्त असण्याचे कारण बहुधा या दोहोंपैकी एक असते. चाकांच्या खुर्चीची मागणी निघण्याच्या किमान दोन दिवस आधी विमान कंपनीकडे नोंदवावी. "मी काय पांगळा आहे का?" असे म्हणणाऱ्या एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना मी इतकेच म्हणालो, "साहेब, ती पायांसाठी नाही, रांगेसाठी आहे." ते तयार झाले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्रवासाच्या दोन-तीन दिवसांत गोळीची वेळ घड्याळावर ठरवू नका. मागची गोळी घेऊन किती तास झाले, यावर ठरवा. घरून एक साधे घड्याळ भारतीय वेळेचेच ठेवा आणि पोहोचेपर्यंत त्याला हात लावू नका. प्रत्येक गोळी घेतली की एका कागदावर भारतीय वेळ लिहा. आणि तिकडच्या मुलामुलींना माझी हात जोडून विनंती आहे : आईबाबा दारात आले की गोळ्यांची डबी पुढे करण्याआधी विचारा, "शेवटची गोळी कधी घेतली? किती तास झाले?" हा प्रश्न त्या सकाळी विचारला गेला असता तर एक मनगट शाबूत राहिले असते. तो विचारायला लेकीला सुचवणे माझे काम होते.

दिवसातून एकदाच्या रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळीला थोडे मागेपुढे झालेले बहुधा चालते. इन्सुलिन, मधुमेहाच्या साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे, कंपवाताची आणि फिट्सची औषधे यांना तशी सवलत नाही. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो तेव्हा इन्सुलिनची एखादी मात्रा वाढवावी लागेल का, येताना दिवस आखडतो तेव्हा कमी करावी लागेल का, हे प्रत्येकाचे इन्सुलिन कोणते आणि खाणे कसे यावर ठरते. सर्वांना लागू पडेल असे एकच सूत्र मी येथे छापणार नाही. ते धोक्याचे होईल. निघण्याच्या पंधरा दिवस आधी तिकीट घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि तासांचा कागद लिहून मागा. इन्सुलिन आणि सगळी औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. मोठ्या बॅगेत इन्सुलिन टाकले तर तिथल्या थंडीत ते गोठू शकते, आणि बॅग हरवली तर प्रश्नच मिटला. मधुमेहाची गोळी खाणे समोर आल्याशिवाय घेऊ नये. विमानात जेवण कधी येईल याचा नेम नसतो. खिशात साखरेच्या पुड्या किंवा गोळ्या असू द्याव्यात. प्रवास विमा घेताना आधीपासूनचे आजार लपवू नयेत. काकूंच्या जावयाला या एका कलमापायी पुष्कळ कागद रंगवावे लागले.

काकू मे महिन्यात परतल्या. निघण्यापूर्वी त्यांचा फोन आला, "येतानाचा कागद लिहून पाठवा, यावेळी चिठ्ठी नको, कागद." मी दोन रकान्यांचा कागद केला : एका बाजूला त्यांचे हातातले घड्याळ, दुसऱ्या बाजूला मुक्कामाच्या गावची वेळ, मधे औषध. कुठे काही घ्यायचे नाही तेही लिहिले : 'या सकाळी गोळी नाही.' जावयाने त्याचा फोटो काढून सर्वांच्या फोनवर ठेवला.

यंदा जूनमध्ये काकू पुन्हा निघाल्या आहेत. नातवाची मुंज वगैरे नाही, नुसतेच भेटायला. परवा त्या जाण्याआधीच्या तपासणीसाठी आल्या तेव्हा पर्समधून माझा तो जुना कागद काढून म्हणाल्या, "हाच उलटा वाचला की झाले ना?" मी नाही म्हणालो. पश्चिमेचे गणित पूर्वेच्या कागदावर सुटत नाही. शिवाय अमेरिकेतली घड्याळे मार्च ते नोव्हेंबर एक तास पुढे सरकवलेली असतात, त्यामुळे डिसेंबरातला साडेदहा तासांचा फरक जूनमध्ये साडेनऊ तासांवर येतो. पहिल्या प्रवासाचे आकडे घेऊनही चालले नसते. जुना कागद मी ठेवून घेतला. नवा लिहिताना त्या शेजारी बसून उजव्या हाताने एकेक वेळ बोटांवर मोजून पाहत होत्या. एका ठिकाणी मी अर्धा तास चुकलो होतो. तो त्यांनीच दाखवून दिला.